कोंबडीसकट हार्वेस्टर

सरदारजींनी हार्वेस्टरच्या धान्याच्या टाकीचं झाकण उचललं आणि आतून एका तांबड्या कोंबडीनं त्यांच्या बोटाला कडकडून चोच मारली.

"ओए!" म्हणत त्यांनी झाकण सोडलं. ते एवढ्या जोरात आदळलं की अख्खं मशीन कण्हलं.

आबा खाली हात मागं बांधून उभे होते. त्यांनी वर बघत अगदी शांतपणे विचारलं, "सहा लाख सांगितले ते कोंबडी धरून का कोंबडी सोडून?"

याचं हिंदी करायचं काम माझं. मला त्यासाठीच तर आणलं होतं. मी केलं, "सरदारजी, दाम मुर्गी पकडके है या मुर्गी छोडके?"

"क्या?"

"मुर्गी पकडके..."

"जोर से बोलो बेटा, सुनाई नहीं देता."

आईनं कपाळावर हात मारला. "कावे, घरात एवढी पटापट बोलतीस आणि इथं आल्यावर काय मांजर झालीस का गं?"

झालेच होते मांजर. मुद्दामच. मी तेव्हा नववीत होते आणि आठवीच्या पंधरा ऑगस्टपासून माझा आवाज मी जवळजवळ बंद करून ठेवला होता. त्या दिवशी शाळेत मला प्रतिज्ञा सांगायला उभं केलं, ऐन वेळी माइक गेला, आणि मी म्हटलं, हात्तिच्या, माइक कशाला लागतो! मी माझ्या आवाजात सुरुवात केली. 'भारत माझा देश आहे' एवढं वाक्य संपायच्या आत समोरच्या लिंबावरचे कावळे उडाले. सगळं मैदान हसलं. आमच्या वर्गातला विश्वंभर म्हणाला, "आयला, भोंगाच की!" आणि तेव्हापासून मी शाळेत भोंगा. बाकावर खडूनं भोंगा, हजेरीला मागून भोंगा, सायकलवरून जाताना भोंगा. मग मी ठरवून टाकलं, आजपासून आपण ओठातल्या ओठात बोलायचं. सगळ्यांना वाटलं पोरगी वयात आली, शहाणी झाली. आईला तेवढं वाटलं नाही. ती म्हणायची, हिला कुणाची तरी नजर लागली.

तर असो. हार्वेस्टर.

आमच्या गावात दोन शिवारं आहेत. वरचं शिवार मोठ्यांचं, दहा-दहा एकरांचे सपाट पट्टे. खालचं आमच्यासारख्यांचं, कुणाचं दोन एकर, कुणाचं दीड, मध्ये बांध, बांधावर बोरी-बाभळी. गव्हाच्या दिवसांत ठेकेदाराचं नवंकोरं, रुंद तोंडाचं हार्वेस्टर यायचं आणि वरच्या शिवारात दोन दिवसांत सगळं आटपून निघून जायचं. आमच्याकडं यायला पांदणीतूनच वाट. पांदण म्हणजे दोन्हीकडच्या शेतांमधून गेलेली जुनी बैलगाडीची वाट. ती विहिरीपाशी अशी काही आखडते की ते मशीन तिथं येऊन नुसतं बघत उभं राहायचं. ठेकेदार म्हणायचा, तुमच्या रुमालाएवढ्या तुकड्यांत माझं मशीन वळायचं कुठं? मग आम्ही बायापोरी विळा घेऊन वाकायचो. आदल्या वर्षी आम्ही असेच वाकलेलो असताना गारा पडल्या आणि अर्धा गहू मातीत गेला.

त्या दिवशी संध्याकाळी आईनं खालच्या शिवारातल्या सगळ्या घरांना आमच्या ओट्यावर बोलावलं आणि सांगितलं, "आपण आपलं जुनं, बारीक मशीन घेऊ. सगळ्यांत मिळून." लोक हसले. मग वर्षभर ती दारोदार फिरली, तेव्हा कुठं लोक हसायचे थांबले आणि बायांनी अंगावरचं सोनं मोडून पैसे दिले. पण आम्ही निघताना हिंगमिऱ्या काकू म्हणाल्याच होत्या, "सिंधू, आमच्या सोन्याचं भंगार नको आणू बाई." नांदेडला येताना एसटीत आईनं तेच वाक्य मला तीनदा सांगितलं. पप्पांची पाण्याची पाळी होती म्हणून ते आले नव्हते. त्यामुळे आज जे काही घरी जाणार, त्याला जबाबदार ती एकटी.

आणि आबा. आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांनी उभ्या जन्मात बैलांचे सौदे केले. दहा गावचे लोक बैल घ्यायला त्यांना सोबत न्यायचे. आता बैल उरले नाहीत, पण आबांची नजर उरली होती. आई त्यांना म्हणाली होती, "मामा, तुम्ही चला. पारख तुमची, पैसे आमचे, हिंदी कावेरीचं."

सरदारजींचं नाव अवतारसिंग. हायवेच्या कडेला त्यांचं आवार होतं, त्यात पाच-सहा जुनी हार्वेस्टरं गुरांसारखी रांगेनं उभी. बाकीची धिप्पाड होती. हे एकच कोपऱ्यात, आठ फुटी कटरचं, पिवळा रंग उडून लिंबाच्या वाळलेल्या सालीसारखं झालेलं.

आबा त्याच्याभोवती फिरले. टायरवर काठी ठोकून म्हणाले, "खूर बरे हायेत." मग खाली वाकून कटरची पाती एकेक करून बोटानं हलवून बघितली. "दात जुळल्याले. वय झालंय गड्याचं. दोन पडल्यात, एक हलायलाय. इचार त्याला, किती वर्षांचं हाय."

मी मांजरीच्या आवाजात विचारलं. सरदारजी कानाला हात लावून वाकले, मग म्हणाले, "बस, दस-बारा साल. मशीन ए-वन. मंगळवार तक चलाया है. हिंगोली साइड में चना काटके आया."

"काय म्हणाला?" आबा.

"मंगळवारपर्यंत चालू होतं. हिंगोलीकडं हरभरा काढला."

"म्हणजे परवा कामावरून आलंय. बरंय."

तोवर आईनं पिशवीतून सुतळी काढली होती. येताना ती पांदणीत विहिरीपाशी थांबून, जिथं वाट सगळ्यात अरुंद आहे तिथलं माप घेऊन, दोन्ही टोकांना गाठ मारून आली होती. एक गाठ तिनं माझ्या हातात दिली. मी या चाकापाशी, ती त्या चाकापाशी. सुतळी ताणली. पलीकडून तिचा आवाज आला, "कावे... उरतीय गं!"

मी वाकून बघितलं. मशीनचं अंग संपून वीतभर सुतळी उरत होती. कटर तर काढून मागं ट्रॉलीवर टाकता येतो, तो प्रश्नच नव्हता.

आई मशीनला वळसा घालून धावतच आली. तिचा चेहरा असा मी लग्नकार्यातही बघितलेला नाही. "मामा! बसतंय! विहिरीवरनं आरामात जातंय. ह्येच घ्यायचं. मग काय हुईल ते हू द्या, पावणेचार आहेत आपल्याकडं, सगळे द्यायचे पण ह्येच न्यायचं!"

आबांनी डोळ्यांनी तिला दटावलं. "हळू. समोर मालक हाय."

"त्याला काय कळतंय मराठी?" आई म्हणाली आणि सरदारजींकडं बघून गोड हसली.

सरदारजीही गोड हसले.

"चालू करून दाखव म्हणावं," आबा मला म्हणाले.

मी सांगितलं. सरदारजींनी लगेच दोन्ही हात कानांना लावले. "ना जी ना! मुर्गी अंडे पे बैठी है. इंजिन चलेगा तो डर के भागेगी, अंडे खराब. पाप लगेगा. मेरी घरवाली की मुर्गी है, वो मेरेको घर से निकाल देगी." मग छातीवर हात ठेवून, "मशीन की गॅरंटी मेरी. आप पैसा दो, ले जाओ. मुर्गी उठ जाएगी तो मैं खुद चलाके छोड़ दूंगा."

आबांनी डोकं खाजवलं. बैलाच्या बाजारात असली अडचण कधी आली नसणार. आईचा चेहरा पडला, पण हातातली सुतळी सोडवेना. मला स्पष्ट दिसत होतं, आणखी थोडा वेळ गेला तर ती न चालवताच हो म्हणणार.

मी म्हटलं, "मी हलवते कोंबडी."

"तू?" आई.

"आपल्या घरी कोण हलवतं?"

शिडी चढून मी टाकीचं झाकण उचललं. आत जुना भुसा होता, त्याला कोंबडीनं अंगानं गोल खळगा केला होता, आणि ती त्यात पसरून माझ्याकडं एका डोळ्यानं बघत होती. खुडूक कोंबडीला अंधार केला की ती गप्प होते, हे आमच्याकडं लहान पोरांनाही माहीत असतं. मी ओढणी काढून तिच्यावर टाकली. आधी गुरगुरली, मग शांत. हळूच तिच्या पोटाखाली हात घातला. गरम, मऊ. एक अंडं हाताला लागलं म्हणून बाहेर काढलं.

अंडं बोललं.

खरंच सांगते. बारीक, आतल्या आत, च्यूं च्यूं. मी कानाला लावलं. पिलू आतून कवचाला टकटक करत होतं. आज-उद्यात बाहेर येणारच.

मी अंडं परत ठेवलं आणि तशीच टाकीच्या काठावर बसून राहिले. काहीतरी डोक्यात टोचत होतं. च्यूं च्यूं. मंगळवार. च्यूं च्यूं. हरभरा.

मी शिडीवरून उतरले आणि आईच्या कानाशी गेले. "आई, ते खोटं बोलायलेत."

"काय?"

"सरदारजी. खोटं बोलायलेत."

"ऐकू येईना बाई, तोंड उघडून बोल की!"

"अगं," मी जरा आवाज चढवला, "आतली अंडी फुटायला आलीत! कोंबडी एकवीस दिवस बसते. तीन आठवडे ती या टाकीत बसलीय, आणि हे म्हणतात मंगळवारी हरभरा काढला. कोंबडी काय हिंगोलीला जाऊन आली का?"

आणि मग एक असं गडगडाटी हसू ऐकू आलं की मी दचकून वळले. सरदारजी पोट धरून हसत होते. डोळ्यांतून पाणी, पगडी हलायलेली.

"लई हुशार पोरगी हाय बाई तुमची!" ते म्हणाले.

आम्ही तिघं त्यांच्याकडं बघतच राहिलो.

"तुम्हाला... मराठी येतं?" आई.

"येतं म्हंजे? आमचा आजा नांदेडचा, बाप नांदेडचा, मी इथल्याच शाळेत शिकलो. मराठी नाही तर काय बोलू?"

"मग सकाळधरनं हिंदी कामून बोलायलात?" आबांचा स्वर चांगलाच चढला.

"आजोबा, तुमच्या पोरीनं हिंदीत सुरुवात केली. मला वाटलं तुम्ही तिकडं आदिलाबादकडचे असाल!"

आईनं सुतळीची गुंडाळी करायला घेतली. तिचे कान लाल झाले होते. 'पावणेचार, सगळे द्यायचे' हे वाक्य आवाराच्या मधोमध कुठंतरी अजून लटकत होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

आबांना ते सगळ्यात आधी दिसलं. ते सावकाश म्हणाले, "सरदार, आमचं तुम्ही ऐकलंत. तुमचं कोंबडीनं सांगितलं. फिट्टंफाट."

"फिट्टंफाट," सरदारजी डोळे पुसत म्हणाले. "खरं सांगतो मग. बेअरिंग गेलं होतं, म्हणून उभं केलं. नवं टाकलं, पण नंतर चालवलंच नाही. मधल्या काळात ही बया आत जाऊन बसली. सहा सोडा. साडेचार."

"आधी चालवा," आबा म्हणाले. "चालवल्याशिवाय साडेचार आणे पण नाहीत."

मी ओढणीत गुंडाळलेली कोंबडी, भुसा आणि अंडी असा सगळा संसार एका पाटीत घालून खाली आणला आणि पाटी लांब सावलीत ठेवली. आई तिच्याजवळ राखणीला बसली. सरदारजी वर चढून बसले, बॅटरीच्या तारा जोडल्या, आणि किल्ली फिरवली.

पहिल्यांदा मशीन नुसतं खोकलं. दुसऱ्यांदा काळा धूर सोडला. तिसऱ्यांदा जे पेटलं ते असं, की आवारातले पत्रे थरथरायला लागले. पट्टे पळायला लागले, समोरची फिरकी गरगर फिरायला लागली, मागच्या तोंडातून तीन आठवड्यांची धूळ, भुसा आणि उंदराचं एक अख्खं घरटं उडालं. आई टाळ्या वाजवत होती. काही ऐकू येत नव्हतं, नुसते हात दिसत होते.

सरदारजी वरून अंगठा दाखवत होते. त्यांचं लक्ष पुढ्यातल्या काट्यांवर.

आता आबांचं ऐका. बैल घेताना आबांची एक पद्धत होती. जनावर कितीही देखणं असो, ते त्याला आधी खायला घालायचे. समोर पेंढी टाकायची आणि ते कसं चावतं, कुठल्या बाजूनं चावतं, ओकून टाकतं का, हे बघायचं. मगच बोली. तर आबांनी आवाराच्या कडेला पडलेली वाळल्या गव्हाची एक पेंढी उचलली, आणि बैलापुढं जावं तसे चालत्या हार्वेस्टरच्या तोंडापुढं गेले.

त्यांना वाटलं असेल, लांबून टाकू. पण सवय फार वाईट असते. बैलाला लांबून कोण टाकतं? ते वाकले, पेंढी पुढं केली, नीट तोंडात जाईल अशी. मशीननं पेंढी ओढून घेतली. आबा खूश होऊन अजून थोडे पुढं वाकले, कशी चावतंय ते बघायला. आणि त्यांच्या खांद्यावरच्या उपरण्याचं एक टोक घसरून खाली आलं.

मी ते टोक बघितलं. ते फिरकीच्या दातात अडकताना बघितलं. दुसरं टोक आबांच्या गळ्याभोवती होतं.

सरदारजींना पुढचं खालचं दिसत नव्हतं. आईला इंजिनापुढं काहीच ऐकू जात नव्हतं. आणि मी बारा पावलं लांब.

"आबाऽऽऽऽ! उपरणं सोडाऽऽऽऽ!"

तो माझा आवाज होता हे मला नंतर कळलं. पोटातून आला, छातीत मावला नाही, आणि बाहेर पडला तो इंजिनाच्या वरून गेला. आबांचा हात विजेचा झटका बसावा तसा गळ्याशी गेला आणि त्यांनी उपरण्याचा वेढा डोक्यावरून काढून फेकला. सरदारजींनी काय ते न बघताच इंजिन बंद केलं. आवारापलीकडं हायवेवर एका ट्रकवाल्यानं ब्रेक दाबला.

फिरकी अजून दोन वेढे फिरली आणि थांबली. मशीनच्या मागच्या तोंडातून भुशाबरोबर पांढऱ्या चिंध्या तरंगत खाली आल्या.

आई पाटी सोडून पळत आली आणि तिनं आबांचा दंड धरला, जणू ते अजून तिथंच उभे आहेत की नाही हे बघायला. सरदारजी धडपडत खाली उतरले. माझा घसा जळत होता. आणि मला एकदम रडू यायला लागलं, कारण सगळे माझ्याकडं बघत होते, आणि आठवीतल्या मैदानासारखं आता कुणीतरी हसणार असं मला वाटलं.

आबांनी खाली वाकून उपरण्याची एक चिंधी उचलली. बोटांत धरून, उन्हाकडं करून, नीट बघितली.

"मळणी झकास करतंय," ते म्हणाले. "एक दाणा ठेवला नाही."

मग आई हसली, रडत रडतच. मग सरदारजी. मग मी पण.

सरदारजींनी सगळ्यांना पाणी दिलं, स्वतः दोन तांबे प्याले, आणि मग म्हणाले, "पावणेचार. बाईंनी म्हटलेत तेवढेच. माझ्या आवारात आज म्हाताऱ्या माणसाला काही झालं असतं तर मी कुठं तोंड दाखवलं असतं?"

"पावणेचार दिले तर डिझेल कशानं भरायचं?" आबांचा गळा नुकताच वाचला होता, पण बाजारातला माणूस जागेवर होता. "एक सांगा सरदार. वर बसल्यावर मी दिसलो असतो, तर तुम्ही भोंगा वाजवला असता का नाही?"

सरदारजी पगडी सारखी करायला लागले.

"वाजवून दाखवा."

"भोंगा नाही त्याला," सरदारजी हळूच म्हणाले. "निघाला कधीचा."

"हां! मग भोंग्याचे कमी करा. हायवेनं न्यायचंय, गावातनं न्यायचंय. बिनभोंग्याचं कसं न्यायचं?"

"आजोबा, आता एक पैसा नाही कमी करणार. पण डिझेल घरापर्यंतचं माझं. मशीन मी स्वतः चालवत आणून देतो. आणि भोंग्याच्या बदल्यात..." त्यांनी सावलीतल्या पाटीकडं बोट दाखवलं. "ती घेऊन जा. बायकोला मी सांगतो काय सांगायचं ते. पोरीनं हात घातला तर चोचसुद्धा मारली नाही, मला मात्र रोज टोचते."

आबांनी आईकडं बघितलं. आईनं सुतळी पिशवीत टाकली, पिशवीच्या तळातलं पैशांचं पुडकं काढलं आणि दोन्ही हातांनी सरदारजींना दिलं. पुडकं सोडताना तिचे हात जरा रेंगाळले. मग तिनं पदर खोचला आणि थेट शिडी चढून टाकीत जाऊन बसली.

"काय करायलीस?" आबा.

"कोंबडी वर द्या. मी इथंच बसते. आता ह्याच्यातनं उतरतच नाही मी घरापर्यंत."

असे आम्ही निघालो. सरदारजी चालवायला, त्यांच्या एका अंगाला उपरण्याशिवाय आबा, आबांना खेटून दांडा धरून मी, वर टाकीत आई आणि तिच्या मांडीवर पाटी. मागं ट्रॉलीवर आडवा टाकलेला कटर. हायवेवर लोक गाड्या हळू करून बघायचे.

पहिलं गाव लागलं तर तिथं बाजार भरलेला. रस्त्यावर टोमॅटो, मिरच्या, बांगड्या, म्हशी. सरदारजींनी मशीन जवळजवळ थांबवलं. सवयीनं त्यांचा अंगठा भोंग्याच्या जागेवर गेला, तिथं नुसतं भोक होतं.

आबा माझ्याकडं वळले. "ओरड."

"मी?"

"मग काय कोंबडी?"

मी खाकरले. म्हटलं, "बाजू..." एका म्हशीनं सुद्धा कान हलवला नाही.

"सकाळचा आवाज नको," सरदारजी समोर बघत म्हणाले. "दुपारचा काढ."

मी दांडा घट्ट धरला, पोटात हवा घेतली.

"बाजूऽऽऽ! हार्वेस्टर यायलंय! बाजूला व्हाऽऽऽ!"

बाजार असा दुभंगला की काय सांगू. बांगडीवाल्यानं टोपली उचलली, टोमॅटोवाली मागं सरली, म्हशी आपणहून कडेला गेल्या. आम्ही मधून थाटात निघालो. वरून आई ओरडली, "अजून एकदा!" काही गरज नव्हती तरी मी अजून एकदा ओरडले. मग प्रत्येक गावाला. मग मोकळ्या रस्त्यावर पण. मला थांबताच येईना. दीड वर्षाचं साठलेलं होतं सगळं.

ऊन उतरताना आमच्या गावात शिरलो. चौकात शाळा सुटलेली पोरं, आणि रस्त्याच्या बरोबर मध्ये सायकल आडवी लावून कुणाशी तरी गप्पा मारत उभा, पाठमोरा, विश्वंभर.

मी पटकन टाकीच्या आडोशाला सरकले. सरदारजींनी मशीन हळू केलं आणि माझ्याकडं बघितलं. आबांनी बघितलं नाही. ते फक्त जरासे बाजूला सरकले, मला नीट उभं राहायला जागा व्हावी म्हणून.

"विश्याऽऽऽऽ! सायकल काढऽऽऽऽ!"

त्यानं सायकल सोडून आधी उडीच मारली. मग वळला, कान चोळत मशीनकडं बघायला लागला, खालून वर, पुढून मागं. मी टाकीच्या आडोशाला होते, त्याला दिसतच नव्हते.

"काय जबरी भोंगा हाय!" तो सरदारजींना म्हणाला. "कुठं बसवलाय, काका?"

सरदारजींनी आबांकडं बघितलं. आबा खाली वाकले.

"ईकत नाही मिळत तसला," ते म्हणाले. "घरचा हाय."

मी आडोशातून बाहेर आले. विश्वंभरनं मला बघितलं. त्याचं तोंड उघडलं, मिटलं, आणि मग त्यानं मुकाट्यानं सायकल उचलून कडेला घेतली.

मी आता बारावीला आहे. दर मार्चमध्ये खालच्या शिवारात हार्वेस्टर निघतं तेव्हा पुढच्या दांड्याला मी असते. त्याला नवा भोंगा बसवू म्हणून दोनदा ठराव झाला, दोन्ही वेळा हिंगमिऱ्या काकूंनीच हाणून पाडला.

पण त्या संध्याकाळी पांदणीतल्या विहिरीपाशी खालचं सगळं शिवार येऊन उभं होतं. सरदारजींनी मशीन अगदी मुंगीच्या पावलांनी आत घातलं. या बाजूला विहिरीचा कठडा, त्या बाजूला बाभळ. वीतभर जागा. हिंगमिऱ्या काकूंनी डोळे मिटून घेतले होते.

आणि मशीन पार झालं तेव्हा टाकीतून आई उभी राहिली. ओंजळ वर धरलेली, त्यात काहीतरी ओलं, पिवळं, एवढंसं, आणि ते आपल्या अंगाच्या मानानं फारच मोठ्यानं ओरडत होतं.

"बघा," आबा खालून म्हणाले, "अजून एक भोंगा."